परवान्याची प्रतीक्षा : एका मुक्त कार्यप्रणालीची हकीकत

घरातील संगणक असो वा मुलांच्या हातातील मोबाइल फोन असो, कळ दाबताच तो जागा होतो आणि सांगितलेले काम करू लागतो. त्याच्याकडून हे काम करवून घेणारी जी मुख्य आज्ञावली असते, तिला कार्यप्रणाली किंवा ऑपरेटिंग सिस्टीम असे म्हणतात. आपण पत्र लिहितो, हिशेब मांडतो, चित्र पाहतो, त्या प्रत्येक कामाची आज्ञावली या कार्यप्रणालीच्या आधारावरच उभी असते. घराला जसा पाया, तशी संगणकाला कार्यप्रणाली. मग हा पाया कोणाच्या मालकीचा? तो समजून घेण्याची, त्यात दुरुस्ती करण्याची आणि दुरुस्त केलेला शेजाऱ्याला देण्याची मुभा कोणाला? हा प्रश्न वरवर पाहता वकिलांचा वाटतो. परंतु गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास चाळला तर तो मुख्यतः शिकणाऱ्यांचा प्रश्न आहे, असे दिसून येते. त्या इतिहासातील एक प्रकरण पालकांसमोर व विद्यार्थ्यांसमोर मांडण्याचे येथे योजिले आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आज्ञावली माणूस लिहितो, ती माणसाला वाचता येईल अशा भाषेत. तिला मूळ आज्ञावली म्हणू. पुढे तिचे यंत्राला कळणाऱ्या अंकांत रूपांतर होते. बाजारात बहुधा हे दुसरे रूपच विकले जाते. हकिमाने औषधाची पुडी द्यावी, पण नुस्खा आपल्यापाशीच ठेवावा, तसा हा प्रकार आहे. पुडीने ताप उतरेल, पण वैद्यक शिकता येणार नाही.

उघडे दार बंद झाले

अमेरिकेतील ए.टी. अँड टी. या टेलिफोन कंपनीच्या बेल प्रयोगशाळेत १९६९ साली केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी 'युनिक्स' या कार्यप्रणालीची सुरुवात केली. १९५६ सालच्या एका न्यायालयीन समझोत्यामुळे या कंपनीला टेलिफोनखेरीज अन्य धंद्यात उतरण्यास मनाई होती. त्यामुळे युनिक्स ही विक्रीची वस्तू होऊ शकली नाही. ती मूळ आज्ञावलीसह विद्यापीठांना नाममात्र शुल्कावर देण्यात आली. याचा परिणाम फार मोठा झाला. अध्यापक ती वर्गात शिकवू लागले, विद्यार्थी तिच्यात सुधारणा करू लागले. कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठात तर तिची स्वतंत्र शाखाच तयार झाली. तिला बी.एस.डी. असे म्हणतात.

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाचे प्राध्यापक जॉन लायन्स यांनी १९७६-७७ च्या सुमारास युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीच्या गाभ्यावर ओळीओळीने भाष्य लिहिले व ते विद्यार्थ्यांच्या हाती दिले. परंतु १९७९ साली सातवी आवृत्ती आली आणि तिच्या परवान्यात मूळ आज्ञावली वर्गात शिकविण्यास बंदी घालण्यात आली. लायन्स यांच्या भाष्याच्या झेरॉक्सवरून झेरॉक्स काढलेल्या प्रती पुढे अनेक वर्षे एका विद्यार्थ्याकडून दुसऱ्याकडे हातोहात फिरत राहिल्या. ते पुस्तक रीतसर प्रसिद्ध होण्यास १९९६ साल उजाडावे लागले. दरम्यान १९८४ साली ए.टी. अँड टी.चे विभाजन झाले, जुने बंधन उठले व युनिक्स उघडपणे विक्रीचा माल बनली. ज्या दारातून एक पिढी आत शिरून शिकली होती, ते दार पुढच्या पिढीसाठी लावून घेण्यात आले.

ग्नूचा संकल्प

अमेरिकेतीलच एम.आय.टी. या संस्थेच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचे आज्ञावलीकार होते. प्रयोगशाळेला झेरॉक्स कंपनीकडून एक छपाईयंत्र भेट मिळाले होते. त्यात कागद वारंवार अडकत असे. जुन्या यंत्राच्या आज्ञावलीत स्टॉलमन यांनी दुरुस्ती करून सोय केली होती. परंतु नव्या यंत्राची मूळ आज्ञावली मिळेना. ती कार्नेगी मेलन विद्यापीठातील एका संशोधकापाशी होती. त्याच्याकडे मागितली असता, गुप्ततेचे वचन दिले आहे, असे सांगून त्याने नकार दिला. ही हकीकत स्टॉलमन यांनीच पुढे अनेकदा सांगितली आहे. एका सुशिक्षिताने दुसऱ्याला मदत करण्यास कागदावरील सहीमुळे नकार द्यावा, ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली.

२७ सप्टेंबर १९८३ रोजी त्यांनी जाहीर केले की, युनिक्ससारखीच, परंतु सर्वांना मुक्त असलेली संपूर्ण कार्यप्रणाली आपण तयार करणार. तिचे नाव 'ग्नू'. जानेवारी १९८४ मध्ये त्यांनी एम.आय.टी.ची नोकरी सोडली. कारण नोकरीत राहून लिहिलेल्या आज्ञावलीवर संस्थेने हक्क सांगितला असता तर सारा संकल्पच कोलमडला असता. १९८५ साली 'फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन' ही संस्था स्थापन झाली.

इंग्रजीत मोफत आणि मुक्त या दोहोंना एकच शब्द असल्याने तेथे फार घोटाळा होतो. आपल्या भाषेत तो होण्याचे कारण नाही. उर्दूतही 'मुफ्त' वेगळे आणि 'आझाद' वेगळे. स्टॉलमन यांना मुफ्त नको होते, आझाद हवे होते. आज्ञावली चालविण्याचा, तिचा अभ्यास करून ती बदलण्याचा, तिच्या प्रती वाटण्याचा आणि सुधारलेल्या प्रतीही वाटण्याचा हक्क, असे हे मागणे होते. किंमत घेऊन विकण्यास त्यांची हरकत नव्हती.

हा हक्क टिकावा म्हणून १९८९ साली 'जनरल पब्लिक लायसेन्स' म्हणजे जी.पी.एल. हा परवाना तयार झाला. त्याची दुसरी आवृत्ती जून १९९१ मध्ये आली. त्याचे मर्म असे की, ही आज्ञावली घ्या, बदला, वाटा, विका, मात्र दुसऱ्याला देताना मूळ आज्ञावलीसह आणि याच अटींवर द्या. मिळालेला हक्क पुढच्याला नाकारता येणार नाही. मालकी हक्काचा कायदा एरवी दार लावण्यासाठी वापरला जातो, येथे तोच कायदा दार उघडे ठेवण्यासाठी वापरण्यात आला.

गाभ्याचा शोध

कार्यप्रणालीचे अनेक भाग असतात. ग्नूने १९८५ साली 'इमॅक्स' हा लेखन-संपादक, १९८७ साली 'जी.सी.सी.' हा भाषांतरक, १९८९ साली 'बॅश' हा आज्ञा स्वीकारणारा भाग, असे एकेक भाग सिद्ध केले. १९९० च्या सुमारास जवळजवळ सारे तयार होते. उणीव होती ती गाभ्याची, म्हणजे कर्नलची. स्मृती, चकती, पडदा, कळफलक ही यंत्राची अंगे आणि वरच्या आज्ञावली यांच्यामध्ये बसून सर्वांना वाटून देणारा जो भाग, तो गाभा. इमारतीची दारे-खिडक्या, जिने, छप्पर सगळे घडवून ठेवावे आणि पायाच नसावा, अशी ही अवस्था होती.

गाभा बांधण्याच्या दोन रीती आहेत. जुन्या रीतीत सर्व कारभार एकाच मोठ्या आज्ञावलीत असतो. एकत्र कुटुंबात कर्ता पुरुष तिजोरी, धान्य, शेती, पाहुणे सर्व स्वतःच पाहतो, तसे. काम झटपट होते, परंतु कर्ता आजारी पडला की घर बंद. दुसऱ्या रीतीत गाभा अगदी लहान ठेवतात. त्याला मायक्रोकर्नल म्हणजे सूक्ष्मगाभा म्हणतात. तो टपाल कचेरीसारखा असतो. स्वतः कारभार न करता निरोप पोहोचविणे, स्मृतीची वाटणी करणे आणि पाळी लावून देणे इतकेच त्याचे काम. फायली सांभाळणे, ओळख पटविणे, जाळ्याशी बोलणे ही कामे स्वतंत्र सेवक-आज्ञावलींकडे सोपविली जातात. एक सेवक कोसळला तर तोच पुन्हा उभा करता येतो, बाकीचे चालू राहतात. पण प्रत्येक कामासाठी निरोपांची ये-जा करावी लागते व तीत वेळ जातो.

ग्नूच्या मंडळींनी १९८६ साली एम.आय.टी.मध्येच तयार झालेल्या 'ट्रिक्स' नावाच्या गाभ्यावर काम करण्याचे ठरविले होते. परंतु तो ज्या यंत्रावर चाले ते महाग होते व सर्वत्र मिळणारेही नव्हते. १९८७ साली स्टॉलमन यांचे लक्ष 'माक' या गाभ्याकडे गेले. रिचर्ड रशीद यांच्या नेतृत्वाखाली १९८५ पासून त्याच्यावर संशोधन चालू होते आणि ते कार्नेगी मेलन विद्यापीठात, जेथून छपाईयंत्राच्या आज्ञावलीबद्दल नकार आला होता तेथेच! तयार सूक्ष्मगाभा मिळाला तर खालचे अवघड काम वाचेल आणि आपण फक्त वरचे सेवक लिहू, असा स्टॉलमन यांचा हिशेब होता.

तीन वर्षांची प्रतीक्षा

येथे परवाना आडवा आला. माकचे संशोधन बर्कलेच्या बी.एस.डी.वर बेतलेले होते आणि बी.एस.डी.मध्ये ए.टी. अँड टी.ची आज्ञावली मिसळलेली होती. म्हणजे त्या वेळचा माक पूर्णपणे वापरायचा तर टेलिफोन कंपनीचा परवाना हवा. ग्नूच्या दृष्टीने हे अशक्यच होते. विद्यापीठ आपला स्वतःचा भाग तरी योग्य अटींवर मोकळा करील काय, याची शाश्वती नव्हती. सुमारे तीन वर्षे या अनिश्चिततेत गेली. पुढे माकच्या तिसऱ्या आवृत्तीत बी.एस.डी.चा भाग गाभ्यातून बाहेर काढण्यात आला, उरलेला सूक्ष्मगाभा सर्वांना वापरता येईल अशा अटींवर मिळाला, आणि १९९० नंतर ग्नूच्या गाभ्याचे काम खऱ्या अर्थाने सुरू झाले. निरनिराळ्या सेवकांचा जणू कळप, म्हणून त्याला इंग्रजीतील कळपाच्या शब्दाशी मिळतेजुळते 'हर्ड' हे नाव देण्यात आले.

दुसरा मार्ग नव्हता काय? होता. बर्कलेच्या बी.एस.डी.चाच गाभा घेऊन तो ग्नूसाठी जुळवून घ्यावा, असा विचार पुढे आला होता. हर्डचे पहिले मुख्य रचनाकार थॉमस बुशनेल यांनी पुढे मागे वळून पाहताना सांगितले की, तसे केले असते तर यश निश्चित आले असते. परंतु तो मार्गही काट्यांचा होता. बर्कलेच्या मंडळींनी ए.टी. अँड टी.चे भाग एकेक करून काढून टाकीत १९९१ साली जवळजवळ संपूर्ण प्रणाली मुक्त केली. त्यावरून विल्यम व लिन जोलिट्झ यांनी १९९२ साली घरगुती संगणकासाठी '३८६ बी.एस.डी.' तयार केली. पण त्याच वर्षी ए.टी. अँड टी.च्या युनिक्स कंपनीने दावा दाखल केला. तो १९९४ च्या आरंभी आपसात मिटला. निष्पन्न काय झाले? सुमारे अठरा हजार फायलींपैकी केवळ तीन काढून टाकाव्या लागल्या आणि सुमारे सत्तर फायलींवर मालकीची नोंद घालावी लागली. तीन फायलींसाठी दोन वर्षे! तोवर दावा कसा लागेल या धास्तीने पुष्कळ लोक बी.एस.डी.पासून दूर राहिले होते.

हेलसिंकीचा विद्यार्थी

युनिक्स शिकविण्यास बंदी आल्यामुळे ॲमस्टरडॅम येथील प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी १९८७ साली विद्यार्थ्यांसाठी 'मिनिक्स' ही लहानशी प्रणाली स्वतः लिहिली. तीही सूक्ष्मगाभ्याच्या रीतीचीच होती. सुमारे बारा हजार ओळींची तिची मूळ आज्ञावली त्यांनी पुस्तकातच छापली. वाचायला ती सर्वांना खुली होती, परंतु प्रकाशकाच्या परवान्यामुळे कोणालाही सुधारलेली संपूर्ण प्रत मोकळेपणाने वाटता येत नसे.

फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाच्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने ते पुस्तक अभ्यासले, मिनिक्स वापरली, आणि २५ ऑगस्ट १९९१ रोजी जाहीर केले की, आपण हौसेखातर एक लहानशी कार्यप्रणाली लिहीत आहोत. ग्नूसारखी मोठी ती होणार नाही, असेही त्याने नम्रपणे सांगितले होते. त्याचा गाभा जुन्या, एकसंध रीतीचा होता. जानेवारी १९९२ मध्ये टॅनेनबॉम यांनी त्याची रचना कालबाह्य ठरविली व दोघांत जाहीर वाद झाला. शास्त्राच्या दृष्टीने प्राध्यापकांच्या म्हणण्यात तथ्य होते. परंतु विद्यार्थ्याचा गाभा हातात होता, चालत होता आणि कोणालाही सुधारता येत होता.

या प्रसंगातील खरी निर्णायक घटना बहुधा सांगितली जात नाही. लिनक्सचा पहिला परवाना लिनस यांनी स्वतःच लिहिला होता व त्यात पैसे घेऊन वाटण्यास मनाई होती. १९९२ च्या आरंभी त्यांनी तो बदलून ग्नूचा जी.पी.एल. स्वीकारला. गाभा ते ग्नूच्याच जी.सी.सी.ने घडवीत होते, आता परवानाही ग्नूचाच आला. ग्नूचे तयार भाग आणि लिनक्सचा गाभा एकत्र येऊन संपूर्ण मुक्त कार्यप्रणाली उभी राहिली. मार्च १९९४ मध्ये लिनक्सची १.० आवृत्ती निघाली. ३८६ बी.एस.डी. आधी मिळाली असती तर लिनक्स बहुधा जन्मालाच आली नसती, असे लिनस यांनीच नंतर म्हटले आहे.

हर्डचे काय झाले?

हर्डची पहिली चाचणी-आवृत्ती १९९६ साली निघाली, तोवर लिनक्स जगभर पोहोचली होती. विलंबाचा सगळा दोष परवान्यावर टाकणे मात्र न्यायाचे होणार नाही. रचनाच अवघड होती. एकाच वेळी चालणारे अनेक सेवक एकमेकांना निरोप धाडीत असताना चूक नेमकी कोठे झाली, हे शोधणे फार कठीण जाई. माकची निवड आपली होती व विलंबाची जबाबदारीही आपली, असे स्टॉलमन यांनी मान्य केले आहे. कार्नेगी मेलनमधील माकचे संशोधन १९९४ साली थांबले. पुढे अन्य सूक्ष्मगाभ्यांवर हर्ड नेण्याचे प्रयत्न झाले, तेही तडीस गेले नाहीत.

तरीही हर्ड मेलेली नाही. डेबियन या संस्थेच्या स्वयंसेवकांनी तिच्यावर आधारित संच वेळोवेळी काढले असून २०२५ साली ६४ बिटच्या यंत्रांसाठीही तो निघाला. तिच्यातील एक कल्पना आजही शिकण्यासारखी आहे. साधा वापरकर्ता व्यवस्थापकाची परवानगी न घेता स्वतःचा फाइल-सेवक जोडू शकतो. परवान्यासाठी इतकी वर्षे थांबलेल्या प्रणालीने आपल्या वापरकर्त्याला मात्र परवानगी मागायला लावले नाही!

माकचा वंश दुसरीकडे वाढला. त्याच्यावर काम केलेले अॅव्ही टेव्हेनियन हे 'नेक्स्ट' कंपनीत गेले, पुढे ती कंपनी ॲपलने घेतली. २००१ सालच्या मॅक ओ.एस. एक्समध्ये व २००७ सालच्या आयफोनमध्ये माकचा अंश आहे. मिनिक्सला २००० साली अत्यंत सैल अटींचा परवाना देण्यात आला. २०१७ साली उघड झाले की, इंटेल कंपनीने आपल्या चिपमधील एका अंतर्गत व्यवस्थापन-यंत्रणेत मिनिक्स वापरली आहे. टॅनेनबॉम यांना ते आधी ठाऊक नव्हते. परवान्याप्रमाणे त्यांना कळविण्याचे बंधनही नव्हते, व त्यांनी तक्रारही केली नाही. पण त्या चिपमध्ये ती कोणत्या रूपात बसविली आहे हे विद्यार्थ्याला वाचता येत नाही. सैल परवाना आणि जी.पी.एल. यांतील फरक यावरून लक्षात यावा.

तात्पर्य

या हकीकतीवरून काहीजण म्हणतात की, तत्त्वांचा आग्रह धरणारे मागे राहिले व व्यवहारी माणूस जिंकला. हा निष्कर्ष अर्धवट आहे. ग्नूचा गाभा वेळेवर आला नाही हे खरे. तयार सूक्ष्मगाभ्याची वाट पाहत बसण्यापेक्षा लहानसा, साधा गाभा लिहायला घेतला असता तर बरे झाले असते, हेही खरे. परंतु ज्या वर्षांत दुसऱ्यांच्या परवान्यांमुळे हात बांधले गेले होते, त्याच वर्षांत त्यांनी स्वतःचा परवाना लिहून ठेवला. गाभा दुसऱ्याचा आला, पण तो मुक्त राहिला तो या परवान्यामुळे. आज ॲण्ड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्सचाच गाभा आहे व त्याची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता येते.

आपल्या देशालाही या कामाचा लाभ झाला आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेच्या चेन्नई केंद्राने डेबियनच्या आधारावर 'बॉस' ही भारतीय कार्यप्रणाली तयार केली व २००७ साली ती प्रसिद्ध झाली. तिच्यात मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय आहे. मूळ आज्ञावली मोकळी नसती तर आपल्या भाषेसाठी परदेशी कंपनीच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागले असते. केरळ राज्याने सरकारी शाळांतून मुक्त प्रणाली शिकविण्यास घेतली, तीही याच बळावर.

पालकांनी मुलाला संगणक शिकवावयाचा म्हणजे केवळ कोणती कळ दाबावी हे शिकवावयाचे नव्हे. पुडी घेणारे पुष्कळ आहेत, नुस्खा वाचणारे थोडे. आज तो नुस्खा वाचण्यास ना शुल्क लागते, ना कोणाची शिफारस. लायन्स यांच्या पुस्तकाच्या पुसट झेरॉक्स प्रती लपवूनछपवून वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना जे मिळविण्यासाठी धडपडावे लागले, ते आपल्या मुलामुलींसमोर उघडे पडले आहे. विद्यार्थी मित्रांनी एखादा लहानसा भाग निवडावा, ओळीओळीने वाचावा, न समजल्यास शिक्षकांना विचारावे व चूक आढळल्यास दुरुस्त करून पाठवावी. आणि आपण कधी स्वतः काही लिहाल, तेव्हा आपल्या मागून येणाऱ्याला ते वाचता येईल की नाही, हे कागदावर काय लिहून ठेवता त्यावर ठरेल, एवढे लक्षात ठेवावे.